विषय क्रमांक सात

"इमारत शोवा एक्कावन्न सालची,"
दारात बूट काढता काढता दलाल कुरोकावा म्हणाला.
मीही.
पण हे त्याला सांगितलं नाही, पायातले मोजे नीट केले.

"हिशेबात काँक्रीटला सत्तेचाळीस वर्षं आयुष्य धरतात,"
त्याचा आवाज दवाखान्यात बोलावं तसा,
"म्हणजे कागदावर हिची किंमत आता शून्य.
उरतो तो जमिनीतला वाटा."
शून्य किमतीच्या खिडकीतून
मुरासाकी नदी भरतीनं उलटी चढताना दिसत होती.
खिडकी अर्ध्यावर अडली.
त्यानं खांदा लावला. मी म्हटलं, राहू दे.

लग्न करून पाहिलं नाही,
घर बांधून पाहणं आता व्हायचं नाही,
म्हटलं विकत घेऊन पाहावं.
भाड्याच्या घराची मालकीण वाईट नव्हती,
करार वाढवताना चहा दिला, बिस्किटं दिली,
आणि बशीकडे बघत विचारलं,
"पुढे तुमचं कोण आहे?"
इस्पितळाच्या खिडकीवर सोळा वर्षं मी हाच प्रश्न विचारते आहे.
हमीदाराची रिकामी चौकट
माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल.

मग सहीआधीचं वाचन.
त्सुबाकिहारा नावाची तरुण मुलगी
सगळं मोठ्यानं वाचते, कायदाच तसा आहे:
भूकंपाचा नवा नियम येण्याआधीचं बांधकाम,
तपासणी झालेली नाही.
पाण्याचे नळ आतून लेपलेले, बदललेले नाहीत.
दुरुस्तीच्या गंगाजळीत इतके येन,
छत्तीस घरांपैकी चार थकबाकीदार.
लिफ्ट नाही.
"लिफ्ट नाही"पाशी ती जरा थांबली,
माझ्या गुडघ्यांकडे न बघण्यासाठी.

मी मागितली सोसायटीच्या सभांची जुनी इतिवृत्तं.
घर बघायला वीस मिनिटं पुरली होती,
ही वाचायला दोन रात्री लागल्या.
कबुतरं. सायकलींचे स्टिकर.
रात्री दहानंतर कपडे धुणारं कुणीतरी.
आणि दर वर्षी, सातव्या क्रमांकावर,
तीनशे दोनचे मिझोबे यांचा प्रस्ताव:
जिन्याला भिंतीच्या बाजूनं कठडा बसवावा.
निर्णय: पुढील वर्षी विचार करू.
अकरा वर्षं. अक्षर बदललं, सचिव बदलले,
वाक्य तेच.
बाराव्या वर्षी सातवा विषय कबुतरांचाच.

तीनशे दोन म्हणजे मी घेते आहे तेच.

शिक्का उमटवताना हात थरथरला नाही,
शाई मात्र जास्त झाली,
माझं आडनाव जरा सुजलं.
मिझोबे आले नव्हते.
आता ते मुलीजवळच्या वृद्धाश्रमात, तळमजल्यावर.
त्यांनी किल्लीसोबत चिठ्ठी पाठवली होती, पेन्सिलीनं:
*खिडकी आधी उचलावी, मग सरकवावी.
न्हाणीचा गॅस तिसऱ्या खटक्याला पेटतो.
चौथ्याला पेटला तरी रागावू नये.*

सामान चढवणारी पोरं धापा टाकत होती.
मी मागे राहिले, हातात फक्त कुंडी.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिसलं:
भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा,
तेलकट, गुळगुळीत, थेट तिसऱ्यापर्यंत चढत गेलेला.
डाग म्हणावा तर फार सरळ.
मी तळवा टेकवला.
माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता तो माणूस.

एप्रिलच्या सभेला आम्ही नऊ जण, घडीच्या खुर्च्या.
पाळीनं या वर्षी तीनशे दोनला समितीवर बसायचंय,
हे मला तिथेच कळलं.
रंगकामाचा ठराव आला: जिना, भिंती, शरद ऋतूत.
सगळ्यांचे हात वर.
माझाही गेला,
मग तो खाली घ्यायला मी विसरले.
"काही बोलायचंय का?" अध्यक्षांनी विचारलं.
त्यांच्या खुर्चीला टेकून काठी उभी होती.

म्हटलं, रंगाआधी
भिंतीला भोकं पाडावी लागतील.