गवताचे चिरे

पाच टोकेरी तोंडं ओळीनं, पांढऱ्या फळ्यांची,
दक्षिणेकडे बघत बसलेली.
मागं सगळं घर म्हणजे टेकाडच.
मेंढ्या छपरावर चढून चरतात;
खाली पाद्रीबुवांची लिहायची खोली होती
हे त्यांना कोण सांगणार!

मी इथं भिंती रचते. एय्विंदूरनं शिकवलं:
दलदलीतलं गवत मुळांसकट कापायचं,
पाचरीसारखे चिरे पाडायचे
आणि माशाच्या काट्यागत तिरपे बसवायचे,
एक थर डावीकडे कलता, एक उजवीकडे.
चुना नाही, खिळा नाही.
मुळंच मुळांना धरतात.
"पन्नास वर्षं," तो म्हणायचा,
"मग भिंत पुन्हा माती व्हायला मोकळी."

लाकूड मात्र इथलं नाही.
ही तुळई समुद्रानं आणून टाकली,
कुठल्या नदीकाठची ते तिलाही आठवत नसेल.
अजून खारट लागते. मी चाटून बघितलीय.

मधून बोळ जातो, सत्तावीस पावलं, अंधारा,
ऊब पळू नये म्हणून मुद्दाम बुटका.
नोकर असो, मालक असो, वाकायचं.
एकदा बिशप आले, वाकले नाहीत;
चौकटीनंच त्यांना आशीर्वाद दिला.

यंदा उत्तरेची भिंत उतरवली.
पलंगामागची फळी निघाली
आणि फटीत कोंबलेले कागद:
सेरा ओग्मुंदूर यांची प्रवचनं, नरकाग्नीवरची बहुतेक,
पाठीमागे स्टेनव्होर बाईंच्या हातचं
तेल, वाती, दोन कातडी, सुया.
अक्षरं पाझरून गेलेली.
वारा तेवढा दीडशे वर्षं अडला.

संग्रहालयाचा माणूस पेटी घेऊन आला,
हातमोजे घालून एकेक कागद उचलला.
जाताना विचारलं, घरातलं सगळ्यात जुनं काय?
मी म्हटलं, ही भिंत मंगळवारची,
छप्पर बारा वर्षांचं,
फळ्या आज्ज्याच्या वेळच्या.
जुनं म्हणाल तर बोळात तुम्ही आत्ता वाकलात ना, ते.
त्यानं ते लिहून घेतलं नाही.

रात्री फटीतून वारा आला,
सरळ मानेवर.
खिशात पगाराची चिठ्ठी होती.
चार घड्या घातल्या, बोटानं आत दाबली,
आणि उरलेली कॉफी पीत बसले.