दोन बोटं खेळ

स्टिअरिंग दोन बोटं फिरतं
आणि चाकांना पत्ताच नसतो.
गॅरेजवाले याला प्ले म्हणतात.
गुलामनबी म्हणायचा, खेळ.
“बाई, खेळ वाढलाय तुमच्या गाडीत.”
कुर्ल्यातलं त्याचं गॅरेज उरलं नाही,
तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
नवी पोरं बॉनेट उघडतात, हसतात,
फोटो काढून बंद करतात.

म्हणून मी, कुंदा रेगे, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
एकतीस वर्षं लोकांचे आवाज लोकांना जोडून दिलेली,
आज रविवारी टिळक नगरात, इमारतीच्या मागच्या बाजूला,
फ्रिजच्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून
माझ्याच पद्मिनीखाली शिरते आहे.

आधी जॅक. मग दोन्हीकडे लाकडी ठोकळे,
कारण जॅकवर भरवसा ठेवू नये,
हे गुलामनबी डावा पंजा दाखवून सांगायचा.
त्याला चारच बोटं होती.

वर सीटवर अंजोर,
इस्त्रीवाल्या रामअवधची, सहावीतली.
पाय पोचत नाहीत, पोचायची गरजही नाही.
“डावीकडे. उजवीकडे. हळू गं. परत डावीकडे.”
ती हलवते आणि मी खालून
एकेका सांध्यावर बोट ठेवून बघते,
कोण लगेच हलतं, कोण उशिरा,
कोण नुसतं ऐकल्यासारखं करतं.
टाय रॉडच्या टोकाचा गोळा
आपल्या वाटीत खुळखुळतो.
सापडला.
आजूबाजूचं ग्रीस काळं, चिवट,
भांड्याच्या बुडाला करपलेल्या गुळासारखं.

“मावशी, आपण कुठे चाललोय?”
“सध्या कुठेच नाही.”
“मी तर घाटकोपरला वळले.”

कॉटर पिन तुटूनच निघाली.
नट सैल केला, हातोड्याचे दोन घाव
बाजूने, नेमके, आणि सांधा सुटला
तसा माझा श्वासही.
जुनं टोक फिरवून काढताना फेरे मोजले,
एकवीस. भिंतीवर खडूने लिहिले,
‘येथे गाडी लावू नये’च्या खाली.
नवं टोक एकवीस फेरे आत.
ग्रीसगन दाबत राहिले
जुनं सगळं बाहेर येईपर्यंत.

दुसऱ्या मजल्यावरून कारखानीस, सेक्रेटरी:
“फरशीवर डाग पडतील हं!”
पेपर अंथरलाय, म्हटलं. मागच्या रविवारचा,
वधू-वरांचं पान.
ते तेल प्यायला लागलं होतं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं.
पण स्टिअरिंग बॉक्सवरचा तो स्क्रू,
त्याचा लॉकनट, आणि हातात पेचकस.
पाव फेरा पुरे होता. मी अर्धा दिला.
खेळ संपला. केसभरसुद्धा नाही.
स्वतःवर इतकी खूश झाले
की हात न धुताच गाडी काढली.

अमर महलला डावं वळण घेतलं,
हात सैल सोडले नेहमीसारखे,
आणि स्टिअरिंग परत आलंच नाही.
वळलेलं, वळलेलंच.
दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं
तोवर एका रिक्षावाल्याने
माझ्या आईची चौकशी केली होती.

परत. बॉनेट गरम, लॉकनट गरम,
पदराने धरून सैल केला.
स्क्रू थोडा मागे. अजून थोडा.
मग अर्धं बोट खेळ आला,
वळणानंतर चाक आपसूक सरळ होऊ लागलं.
तेवढा राहू द्यावा लागतो, बाई,
असं गुलामनबी म्हणायचा.
म्हणायचा का? आठवत नाही.
बहुधा तो फक्त बिल सांगायचा
आणि हे मीच त्याच्या तोंडी घालते आहे.

अंजोर उतरायला तयार नव्हती.
“आता कुठे?”
“वाशी. पूल लागला, बोलू नका.”
मी बोलले नाही.
पाने पुसले, मोजले. सतरा नंबरचा
अजूनही सापडलेला नाही.

संध्याकाळी रामअवधकडून कपडे आले.
उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर, कोपऱ्यात,
एक लहानसा काळा अंगठा,
इस्त्रीने पक्का झालेला.