मीटरवाल्याचा गुरुवार

गुरुवार मावळला की शुक्रवारची रात्र लागते,
आमच्या सेमारांगमध्ये ती भुतांची.
कुस्मियाती उंबऱ्यावर मीठ टाकते,
मी शेवटच्या खेळाला निघतो.
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात;
मी तर पस्तीस हजार रुपिया मोजून
ब्रह्मराक्षसापाठी.

दिवसभर विजेचे मीटर वाचतो मी.
मागची गल्ली, ओली भिंत, गंजका डबा, आकडा.
म्हणून पडद्यावर दिवा लुकलुकला
की आधी वायरिंग बघतो, मग भूत.
जुन्या सिनेमांत दोन्ही कच्चं असायचं.

त्या जुन्या बाया! लांब केस, पांढरा झगा,
तोंडाला पिठाचा थर,
धाडकन पुढ्यात यायच्या,
पोरी पोरांना बिलगायच्या,
शेवटी दाढीवाले बुवा येऊन सगळं झाडून लख्ख.

आताची भुतं येत नाहीत.
उभी राहतात.
गेल्या वर्षीचा तो विहिरीचा सिनेमा घ्या:
आई भात वाढतेय, एक, दोन, तीन ताटं,
बोलणं चाललंय शाळेच्या फीचं,
आणि मागे, धूसर, मोरीच्या दाराशी
कोणीतरी चौथ्या ताटाची वाट बघतंय.
कॅमेरा तिकडे वळतसुद्धा नाही.
मी बघितलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं बघितलं,
तिची वेणी थरथरली.
बाकी थिएटर पॉपकॉर्न खात होतं.
माझी पाचावर धारण बसलेली,
तरी मनात आलं, वा,
काय सभ्य भूत आहे!

आणि तो कफनाचा.
भरतीचं पाणी कबरस्तानात शिरतं
(आमच्याकडे शिरतंच, समुद्राला कुंपण कळत नाही)
आणि घाईत डोक्यावरची गाठ सोडायची राहते.
दोन तास तो मुडदा कोणाचा गळा धरत नाही.
बांधलेल्या पायांनी उड्या मारत
मुलाच्या दारापर्यंत येतो
आणि मान खाली घालून उभा,
की बाबा रे, एवढी सोड.
भीती कुठे संपली, हुंदका कुठून आला,
सांगता येणार नाही.
येताना पुलावर गाडी थांबवली,
आजूबाजूला कोणी नाही बघून
रडून घेतलं.

मेहुणा डारसोनो म्हणतो, पैसे देऊन घाबरायचं?
फुकटात घाबरायला तू आणतोस ते बिल आहे की.
हसतो मी.

पण एक गोष्ट त्याला सांगायची राहिलीय.
या सगळ्या सिनेमांत कोणीतरी एकजण आधी बघतो.
शेंबडं पोर, मोलकरीण, नाहीतर म्हातारी.
आणि घरचे म्हणतात,
काही नाही तिकडे, झोप.
मी खुर्चीत दात खातो. ऐका रे तिचं!
एकदा मोठ्यानं ओरडलो,
तिकीटवाल्या पोरानं टॉर्च मारला तोंडावर.

आई ब्याऐंशीची.
रोजे सुरू झाल्यापासून तिला
कपाटाशेजारी एक माणूस दिसतो.
डॉक्टर म्हणाले, मेंदू. कुस्मियाती म्हणाली, मीठ.
मी म्हणत राहिलो, महिनाभर,
काही नाही तिकडे, झोप.
आणि परवाच्या खेळात पडद्यावरचा मुलगा
हेच बोलला, अगदी माझ्या कंटाळलेल्या सुरात.
मध्यंतर व्हायच्या आत उठलो.

तिच्या खाटेवर बसलो. विचारलं, कसा आहे गं तो?
"दमलेला."
करतो काय?
"भिंतीकडे बघतो. वहीत आकडे लिहितो.
जेवलास का विचारलं की लाजतो."

सरसरून काटा आला, मानेपासून पोटरीपर्यंत,
असा कुठल्या पडद्यानं दिला नव्हता.
म्हटलं, आज कोणता आकडा लिहिला?
तिनं सांगितला. सावकाश,
दशांशासकट.

आमचा मीटर मागच्या भिंतीला आहे.
टॉर्च माझ्या खिशातच होता.
गेलो नाही.
बघेन सकाळी, उन्हात,
कुस्मियातीला बरोबर घेऊन.