फेरफार

भोकरला तहसीलसमोर, लिंबाखाली
शेख गफूर दस्त टंकतात.
गेल्या पौषात डावा हात गेला,
म्हणजे खांद्याला आहे अजून, कामावर येत नाही.
उजवा एकटाच कळफलक सांभाळतो,
शिफ्ट दाबायला कुणी उरलं नाही.
म्हणून पडद्यावर
करेदीकत. बोगवटादार. दनको.
गावाचं नाव बोकर.
खाली सही करणारा: सेक गपूर.

चिकटणारी शिफ्ट मी लावून दिली होती.
"नको शिवनंदे, कवा चिकटली, कवा सुटली,
ध्यानातच राहत नाही."

मग नांदेडहून पायपट्टी मागवली, यूएसबीची,
शिलाई मशीनच्या पायट्याची धाकटी बहीण.
चप्पल काढून त्यांनी पाय ठेवला.
पडद्यावर: व.
पुन्हा दाबला.
व व व व
"वारस वाढायलेत की," चाचा म्हणाले.

पट्टी कारखान्यातून इंग्रजी बी होऊन आलेली,
मराठीत तिचा व होतो.
पीसी शाळेनं भंगारात काढलेला, त्यावर लिनक्स,
तिथं बटणाला विचारता येतं, तू कोण.
तिनं आकडा सांगितला:
सात, तीन शून्यं, पाच.
"गट नंबर," चाचा म्हणाले.
मी फाईल लिहिली. कंपनी, मॉडेल,
खाली एकच ओळ:
हा गट यापुढे शिफ्टच्या नावे.
वर रूटचा पासवर्ड, तलाठ्याची सही समजा.

पाय ठेवला.
व.

दुपारभर व. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं
जेवण होऊन झोप झाली तरी व.
चार वाजता दिसलं,
त्या ओळीच्या आधी एक जागा मोकळी सोडायची असते.
"समास सोडला नाहीस,"
चाळीस वर्षं कोर्टाचे कागद टंकलेला माणूस म्हणाला,
"अन् मला विचारलं बी नाहीस."

जागा सोडली.
नोंदी पुन्हा बांधून घेतल्या,
वायर उपसून परत खोचली.

व आला नाही.
काहीच आलं नाही. नुसती शिफ्ट
काही लिहीत नसते.

मग उजव्या हाताचं एक बोट क वर
आणि पाय खाली:

ख

वाटणीपत्रासाठी सकाळपासून बसलेले दोघे भाऊ
बाकड्यावरून उठून बघायला आले.
चाचांनी त्यांचा कागद बाजूला सारला
आणि नुसतंच
घ छ झ ठ
ध भ भ भ
"आमचं कवा?" धाकटा म्हणाला.

"थांबा की जरा. दम घेऊ द्या."