खिसे

माझ्या समोरच्या वरच्या दाताला खाच आहे.
सुईच्या नेढ्याएवढी.
दोऱ्यानं पाडलेली.
कात्री गळ्यातच लटकायची, पण दात त्याहून जवळ,
आणि वूच शहरातल्या आमच्या शिवणखान्यात
नगावर पैसे मिळायचे.

डॉक्टर कयेतान माझ्या भाच्याच्या वयाचा.
बारीक लोखंडी काडी हिरडीत घालतो
आणि मागं बसलेल्या मुलीला आकडे सांगतो:
तीन, दोन, तीन. चार. तीन. पाच. सहा.
आकडे सांगणं माझं काम.
छाती ब्याण्णव, कंबर अठ्ठ्याहत्तर,
पोट आत ओढू नका, हालिनाबाई,
कोट तुम्हाला घालायचाय, तुमच्या बहिणीला नाही.
आज पहिल्यांदाच कुणीतरी माझं माप घेतंय
आणि मला काहीच आत ओढता येत नाही.

चूळ भरून विचारलं, सहा म्हणजे काय?
म्हणाला, हिरडीनं दात सोडलाय.
मध्ये खिसा झालाय.

खिसा!
हजारोंनी लावलेत मी.
आतले, बाहेरचे, झाकणीचे,
आणि खोटेसुद्धा, नुसती पट्टी, आत काही नाही;
बायकांच्या कोटांना तसलेच लावा, असं मालक म्हणायचा.
आणि इथं, न मोजता, न बेतता,
माझ्या अंगानं माझ्याच तोंडात खिसे लावले,
चांगले खोल,
आणि साठवलं काय, तर परवाचं जेवण.

उसवता येतील?
नाही, म्हणाला. स्वच्छ ठेवता येतील.

आईचे सगळे गेले पंचेचाळिसाव्या वर्षी.
एका बाळामागं एक दात, असा हिशेब सांगायची.
आम्ही चारच भावंडं.
उरलेले अठ्ठावीस कुणाच्या नावावर, ते कधी विचारलं नाही.
हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात,
तिचे आधीच दिसायचे,
मोहरीच्या रिकाम्या ग्लासात, खिडकीपाशी.
सकाळी ते लावून होईपर्यंत
घरातला कुठलाही विनोद थांबून राहायचा.

रात्री तोंड कोरडं पडतं, मी सांगितलं,
अंग पेटतं, थंडीतसुद्धा खिडकी उघडावी लागते.
त्या वयात होतं तसं, म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.
मला त्याची दया आली.
पाण्याचे घोट घ्या, म्हणाला, गोड काही चघळू नका,
आणि वर्षातून एकदा नाही, चारदा या.
चारदा! विम्याच्या रांगेत आठ महिने,
खासगीत एका खेपेला एका कोटाची शिलाई.
अस्तरासकट.

वालेंतीला म्हटलं, तूही चल.
पन्नाशी उलटलेल्या भिंतीला रंग कशाला, म्हणे.
दोन वर्षं डाव्या बाजूनंच चावतोय,
पावाची कड ताटात ठेवतो, मला दिसू नये अशी.
मी दातांच्या कण्या केल्या त्याच्यापुढं.
त्याच्या खरोखरच होतायत.

तर आता रात्री, मशीनवर झाकण घातलं की
आरशापुढं उभी राहते.
हातभर दोरा काढते, मेणाचा, पुदिन्याच्या वासाचा,
मधल्या बोटांना गुंडाळते.
पहिला आठवडा रक्त. दुसराही.
मागच्या दाढेशी हात पोचत नाही,
कोपर टॉवेलच्या खुंटीला लागतं,
जांभई येते, शिवी येते.
सव्वीस वर्षं दोरा ओवला, नजर न लावता,
आणि ह्या दोन दाढांमधून तो जाता जात नाही.
डबीवरच पातं आहे, तरी सवयीनं
दोरा दातानं तोडायला जाते,
मग थांबते.

ऑक्टोबरात पुन्हा माप.
सहाचे पाच झाले तर तेवढं आखडलं म्हणायचं.
कापड आखडलं की मी गिरणीच्या सात पिढ्या उद्धरते.
या खेपेला गप्प बसेन.

काल वालेंती दारात उभा होता.
बघत होता बराच वेळ, बोलला काही नाही.
सकाळी डबी
होती तिथं नव्हती.