सूप

सुपडू तुळशीराम फिरके, वय अडुसष्ट, फैजपूर.
गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर टाकतात,
हुकमाचं पान टाकावं तसं.
«सात वर्सं झाली बाई. आता सोडू का हे?»

हिवाळ्यात भरताच्या पंगतीला
आधी यांनाच बोलावणं जातं.
पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, बडगी,
आणि यांचा हात.
«यंदा चौथ्या वांग्यालेच थांबला.
जीव नाही राहत माह्या हातात.»

नाडी बावन्न.
इकोमध्ये हृदय साठ टक्के, नव्यासारखं.
जळगावला दोन तासांत नळी उघडली होती,
आत स्प्रिंग आहे, छान बसलेली.

मी शिकले तेव्हा हा प्रश्नच नव्हता.
अटॅक आला की ही गोळी, मरेपर्यंत.
पण ज्या माणसांवर ते ठरलं
त्यांच्या नळ्या कुणी उघडल्या नव्हत्या,
ती नुसती पडून राहिली होती खाटेवर, नशिबावर.
काल रात्री पुन्हा वाचत बसले.
एक अभ्यास म्हणतो, फरक नाही.
दुसरा म्हणतो, आहे, थोडा.
तिसरा म्हणतो, थांबवू नका, आणि खाली बारीक अक्षरात
का, ते नीट सांगत नाही.
हजारो माणसांची सरासरी.
सरासरी नावाचा माणूस
माझ्या ओपीडीत अजून आलेला नाही.

वेळ काढायला विचारते, सुपडू नाव कसं?

«माह्या आधीचे दोन गेले.
मग मायनं मले सुपात घातलं,
उकिरड्यालोग ओढत नेलं. म्हणून वाचलो.»

आणि सूप नसतं तर?

हसतात. «माह्यामागून बहीण झाली.
तिले नाही घातलं.
ती बी हाये, सावद्याले. मिरच्या कांडते अजून.»

मी पेन खाली ठेवते.
वीस वर्षं मीही माणसं सुपात घालत आले,
वाचली त्यांच्या नावापुढे माझी चिठ्ठी लावत.
यांची बहीण कधी विचारलीच नाही.

अर्धी करू, म्हणते. पंधरा दिवस.
मग पाव. मग बघू.
एकदम सोडायची नाही, हृदय दचकतं.
छाती भरली, धडधडलं, तर रात्री दोनलाही फोन.

दारापाशी वळतात.
«आणि गेलो तर?»

तर गोळी सोडली म्हणून, की तसेही,
मला कळणार नाही, मी खरं ते सांगते.
केळीचा भाव ऐकल्यासारखी
ते मान हलवतात,
रिकामं पाकीट उचलून खिशात घालतात.
«रविवारी भरीत हाये. या.»

कागदावर लिहिते: नाडी ५२.
शेजारचा रकाना
कोरा.