पांगारा

काजूच्या बोंडावरून पाय घसरला मळूचा.
एवढंच. विहिरीत नाही, माळ्यावरून नाही,
परसात, दोन पावलांवर.
बसली तिथंच, पाटी धरून,
म्हणाली, "अहो, काडकन काहीतरी झालं की ओ."

नंदगडहून वडाप, खानापुरातून ॲम्ब्युलन्स.
बेळगाव येईतो घोट्याचं वांगं झालेलं.
फॉर्म कानडीत, सही माझी मराठीत,
मोडलेल्या हाडाचं नाव इंग्रजीत.
नर्सनं बोट टेकवून विचारलं, "नोवु इद्या?"
मळू म्हणाली, "मग काय हसू येतंय?"

डॉक्टर पाच्छापुरेंनी फोटो उजेडावर धरला.
मी सुतार. पन्नास वर्षं रंधा हातात.
बघताक्षणी कळलं,
हे सागवान नव्हे, किंदळ नव्हे,
हा पांगारा.
कड तेवढी शाबूत, आत भुसा.
"स्क्रू धरणार नाही ह्यात," मी बोलून गेलो.

ते वळले. चष्म्यावरून आधी माझ्याकडे,
मग माझ्या हातांकडे बघितलं.
"तुम्ही काय करता अशा वेळी?"
सांगितलं: भोक सैल झालं तर
काडेपेटीची काडी फेविकॉलात बुडवून ठोकायची.
नाहीतर लांब स्क्रू घ्यायचा,
पलीकडच्या लाकडात उतरवायचा.
तेही जमलं नाही
तर गिऱ्हाइकाला सांगायचं, दार हळू लावा.

हसले नाहीत ते. ड्रॉवरमधून पट्टी काढली.
भोकांना आतून आटे,
स्क्रूच्या डोक्यालाही आटे.
"हा हाडाच्या भरवशावर राहत नाही,
पट्टीलाच जखडतो. दोघांची मिळून चौकट,
हाड तिच्यात टेकून बसतं.
शिवाय दोन लांब घालू,
बारक्या हाडातून थोरल्या हाडात.
बारकं एकटं तगायचं नाही."
मी पट्टी तळहातावर तोलली.
फुलासारखी हलकी. कडा कानशीनं मारल्यागत गोल.
कुठल्या कारागिराची, विचारलं.
जर्मनी म्हणाले की गुजरात,
नीट ऐकू आलं नाही.

बाहेरच्या बाकावर अडीच तास.
आतून गिरमिटाचा आवाज.
टणक लाकडात ते कुरकुरतं, जोर मागतं.
मऊ लाकडात भस्सकन पुढं जातं, हात मोकळा पडतो.
मी कुरकुरीसाठी कान लावून बसलो.
एकदा आली.
मग बराच वेळ नाही.

लग्नानंतर दहा वर्षं
करवतीचं दुसरं टोक तिनं ओढलं.
ओंडका हलू नये म्हणून पाय देऊन उभी राहायची.
हाच पाय. डावा.
म्हशीचं दूध डेअरीला, घरात चहापुरतं,
त्यातही तिचा चहा कोरा.
ह्यातलं काही फोटोत दिसलं असेल डॉक्टरांना?
त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

सहा आठवडे पाय टेकवायचा नाही.
मी मोरीचा उंबरा तासून काढला,
संडासात मुठी बसवल्या, फणसाच्या,
चार चार इंची स्क्रू घालून, लोंबकळून बघितलं.
ती खाटेवरून हुकूम सोडायची,
"वाकडी बसलीय डावी."
बसली होती.

परवा नवा फोटो काढला. घरी आणून दोघांनी
खिडकीत धरून मोजले, अकरा स्क्रू.
मधले दोन लांब, दोन्ही हाडांत गेलेले.
भेगेवर धुकं धरल्यासारखं काही.
"जुळतंय," मी म्हटलं.
"जुळू दे," ती म्हणाली.
मग जरा वेळानं,
"मला जाळल्यावर राखेत हे मिळतील.
अकरा. मोजून घ्या,
तुमच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवा."
मी म्हटलं, आधी मी जाईन.
"मग डबा कुणाला देऊ?"

मी उठलो. डबा काढला.
जुने, गंजलेले, डोकी झिजलेले निवडत बसलो
दिवे लागेपर्यंत.